सतरा पाट

ही गोष्ट सांगायचा हक्क माझ्या बायकोचा. तारा ती फार चांगली सांगायची. लग्नात, बारशाला, कुठे चार बायका तांदूळ निवडायला बसल्या तरी कोणीतरी म्हणायचं, "तारावयनी, ती पाटाची सांगा," की ती पदर खोचून तयार. "सतरा" या आकड्यापाशी आली की थांबायची, सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मगच पुढे जायची. मी ओटीवर तंबाखू मळत ऐकायचो. तिने त्यात पुष्कळ पदरचं घातलेलं होतं, पण तिच्या समोर ते बोलायची माझी छाती नव्हती. गेल्या श्रावणात ती गेली. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून मी लिहितो. ज्यांनी तिच्या तोंडून ऐकली असेल त्यांना माझी आळणी लागेल. लागू दे.

हा अंक काढणाऱ्या मास्तरांनी बजावलंय, "आधी तुमचं काम काय होतं ते समजावून सांगा. वाचणारे सगळे कम्प्युटरवाले नसतात." मास्तर, मी तरी कुठे होतो?

मी सातवी नापास. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळीच्या वाटेवर आमची वाडी. तिथला माणूस मुंबईला गेला की गावकीच्या खोलीत उतरतो, आणि गावकीतलाच कोणीतरी त्याला कुठेतरी चिकटवतो. मला चिकटवलं एका मोठ्या कंपनीच्या कम्प्युटरच्या खोलीत. ती जागा पनवेलच्या अलीकडे. पद मदतनीस. काम टेपा उचलायचं. तेव्हाची टेप म्हणजे परातीएवढं चाक. पडद्यावर 'माऊंट' असा शब्द यायचा आणि पुढे टेपेचा नंबर, की मी धावत जाऊन फळीवरून ती टेप काढायची आणि मशीनवर चढवायची. याला आम्ही म्हणायचो टेप लावणे. दिवसभर लावायचो आणि उतरवायचो. टेपांच्या पट्ट्यांवरची नावं सगळी मोठ्या अक्षरांत असायची, त्यामुळे इंग्रजीची मोठी अक्षरं मला पाठ झाली. लहान अक्षरांशी माझा कधी व्यवहार पडला नाही. लहान बी आणि लहान डी कुठल्या कुशीवर झोपतात, ते मला अजून विचारू नका.

वाडीत मात्र मी सांगितलं होतं, "मी कम्प्युटरात हाय." खोटं नव्हतं. मी त्याच खोलीत होतो. लोकांनी त्याचा साहेब केला आणि मी तो मोडला नाही. तारालाही तसंच वाटत होतं.

हे मशीन म्हणजे टेबलावर असतं तसलं नव्हे. माणसापेक्षा उंच कपाटांची रांग. त्याला मेनफ्रेम म्हणतात. ते बिघडलं तर कंपनीच्या सगळ्या गावच्या कचेऱ्या हात बांधून बसतात. त्याच्या पोटात त्याचा जुना संसार चालूच होता, त्यात पुढे युनिक्स नावाचा दुसरा संसार आणून बसवला. एका घरात दोन चुली. साहेब पुण्याचे, शिकलेले, जिभेला तिखट. त्यांनी डिग्रीवाल्या पोरांना युनिक्स शिकवायला घेतलं. मी पाण्याचे ग्लास ठेवत होतो. फळ्यावर एक झाड उलटं टांगलेलं. साहेब सांगत होते, हा वरचा रूट, म्हणजे मूळ. बाकीच्या फाइल सिस्टीम, म्हणजे फायलींची बोचकी, वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, त्या या झाडावर ठरलेल्या जागी माऊंट करायच्या. ती जागा आधी रिकामी करून ठेवलेली पाहिजे. पोरं वहीत उतरवत होती, डोक्यात कोणाच्या काही उतरत नव्हतं.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "म्हंजे पाट मांडायचा नि पाहुणा आणून बसवायचा."

साहेबांनी मला बाहेर काढलं. पाच मिनिटांनी परत आत बोलावलं. म्हणाले, "मघाशी काय बरळलास, ते यांना सांग."

मी सांगितलं. मूळ म्हणजे आपलं घर. घरात रिकामे पाट मांडलेले. पाहुणे बाहेरून येतात, ज्याचा पाट त्याचा त्याला ठरलेला. पाहुणा एकदा बसला की त्याचं सामान घरातलंच दिसतं, वेगळं ओळखू येत नाही. पाटच मांडला नसेल तर पाहुणा दारात उभा. आणि रिकाम्या पाटावर कोणी काही विसरलं आणि वर पाहुणा बसला, तर ती वस्तू दिसायची बंद होते. गेलेली नसते. पाहुण्याच्या खाली असते. पाहुणा उठला की सापडते.

त्या दिवसापासून ऑफिसात त्या ठरलेल्या जागेला माऊंट पॉइंट कोणी म्हणेना. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे पाट म्हणायला लागले.

पाहुण्याखाली गेलेली वस्तू म्हणजे काय, त्याचा एक नमुना सांगतो. एका ऑफिसरने मुलीसाठी आलेल्या स्थळांची यादी मशीनमध्ये ठेवली होती. घरी ठेवली तर बायको वाचते म्हणून. रिकामी जागा दिसली तिथे ठेवली. तो होता एक पाट. पुढे त्याच्यावर पाहुणा बसला आणि यादी गेली. ऑफिसर चोरासारखा दहा ठिकाणी शोधत होता, पण विचारणार कोणाला? चार वर्षांनी आम्ही पाहुणे उठवले तेव्हा मला ती दिसली. मुलाचं नाव, शिक्षण, उंची, किती गुण जमले, सगळं. मी कागदावर काढून गुपचूप नेऊन दिली. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "मामा, मुलीला दोन मुलं झाली आता." मग एका नावावर बोट ठेवलं. "हा मुलगा बरा होता," म्हणाले.

मामा म्हणजे मी. ऑफिसात मला टेपमामा म्हणत.

आता मूळ बदलणे. मशीन बनवणारे दर वर्षा-दीड वर्षाने नवं मूळ पाठवतात. पहिला नियम, चालत्या मुळाला हात लावायचा नाही. त्याची हुबेहूब नक्कल काढायची, ती बाजूच्या एका पाटावर बसवायची आणि काय डागडुजी करायची ती त्या नकलेत करायची. आपण भाताचं रोप एका तुकड्यात वाढवतो आणि मग खाचरात लावतो, तसं. मग एखाद्या रविवारी मशीन बंद करायचं आणि नव्या मुळावर उठवायचं. जुनं मूळ टाकून द्यायचं नाही. नव्याने दगा दिला तर जुन्यावर परत यायची वाट उघडी पाहिजे. मशीन उठलं की ते एक यादी वाचतं, कुठला पाहुणा कुठल्या पाटावर, आणि एकेकाला बसवत जातं. यादी चुकली की पंगत बिघडली. ती यादी ताडून बघायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. पद मदतनीसच ठेवलं.

दुसरा नियम, मुळात कोणी आपलं काही ठेवायचं नाही. नवं मूळ आलं की ते जुन्याबरोबर जातं. हा नियम सगळे मोडायचे आणि मग माझ्या नावाने ओरडायचे. ते सोडा.

आता घरचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिकडेच आहे.

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि वीसही वर्षं तारा वाडीत आणि मी लालबागला गावकीच्या खोलीत. आम्हाला मूल नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या तिच्या देखत मला सांगायच्या, "दुसरा पाट लाव रे." आमच्यात पाट लावणे म्हणजे दुसरं लग्न करणे. मांडव नाही, वाजंत्री नाही, पाटावर बसायचं आणि झालं. मी त्यांचं ऐकलं नाही. पण त्यांना गप्पही केलं नाही. नुसता हसायचो. ते हसणं ताराने वीस वर्षं मोजलं असणार.

दर मे महिन्यात निघायच्या दिवशी ती एकदाच विचारायची, "मला नेता काय?"

मी म्हणायचो, "खोलीत सात पुरुष झोपतात. तुला ठेवू कुठं?"

हे खरं होतं. पण गावकीतल्या दुसऱ्यांनी कळव्याला, दिव्याला खोल्या करून बायका नेल्या होत्या, हेही खरं होतं. माझं खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. ती मुंबईला आली की तिला कळणार, आपला नवरा साहेब नाही, टेपा उचलतो आणि पाणी देतो. ती वाडीत होती तोवर मी साहेब होतो.

त्या वर्षी शिमग्यात घराघरांतून पालखी फिरते, ती आमच्या दारात यायचा रविवार आणि नवं मूळ लावायचा रविवार एकच पडला. वाडीत तेव्हा फोन नव्हता. खाली रस्त्याला शांताराम शेटचं दुकान, तिथे होता. शनिवारी सकाळी मी फोन केला.

"शेट, ताराला निरोप द्या. पालखीला येत नाय."

"पालखीला नाय? असं काय काम निघालं?"

"उद्या इकडं मूळ बदलायचंय. पाट लावायचे हायत. माझ्याशिवाय होत नाय."

शेट आवाज खाली उतरवून म्हणाले, "म्हंजे ठरलं?"

"ठरलं म्हंजे? महिना झाला तयारी चाललेय."

"बरं बाबा. तुमचं तुमी जाणा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

पाट मांडायचे आहेत, असं मी म्हणालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. सगळं जग पाट मांडतं. पण माझा जन्म टेपा लावण्यात गेला, जिभेला 'लावणे' चिकटलेलं. तेच निघालं.

शेट भर उन्हात स्वतः वाडी चढून आले. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाला खडीसाखर द्यायला गादीवरून उठत नाही. तारा पालखीसाठी अंगण सारवत होती. शेट म्हणाले, "तारा, जरा बस खाली. तुझा नवरा उद्या पाट लावतोय. मूळच बदलतो म्हणाला. महिना झाला तयारी चाललेय."

ती बसली नाही. राहिलेलं अंगण सारवून पुरं केलं, हात धुतले, घराला कडी घातली आणि एस.टी.ने माहेरी, महाडजवळच्या नाते गावी गेली. तिथून भावाला, गणपतला घेतलं आणि रविवारी पहाटेची महाडची पहिली गाडी पकडली. गणपत आधी पनवेलला कामाला होता, त्याला माझं ऑफिस ठाऊक. पालखी दाराशी येणार आणि दाराला कडी, हे आमच्याकडे केवढं मोठं आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. तिने ते केलं.

इकडे आम्ही सकाळी मशीनची पूजा केली. नवं मूळ लावताना मी नारळ फोडायचोच. साहेब देव मानत नसत, पण त्या दिवशी खोबरं मागून खात. सगळ्यांच्या कपाळाला कुंकू, वर तांदूळ. मशीनची खोली बर्फासारखी गार, म्हणून अंगात मी नवाकोरा लाल स्वेटर घातलेला. हा माझा अवतार ध्यानात ठेवा.

मशीन उठलं. पाहुणे बसायला लागले. एक, दोन, पाच, दहा. सोळा बसले. सतरावा बसेना.

सतरावा म्हणजे पत्रांची फाइल सिस्टीम. गिऱ्हाइकांना जाणारी सगळी पत्रं त्यात. सोमवारी सकाळी सगळ्या कचेऱ्या आधी तीच उघडायच्या. साहेबांनी तिथे बघितलं, रिकामा पाट. डिग्रीवाल्यांतला एक ओरडला, "पत्रं गेली!"

"गेली नायत," मी म्हणालो. "पाहुणा बाहेर उभा हाय."

"मग आत का येत नाही?" साहेब म्हणाले.

ते मला सांगता येईना. पाट होता. मी डोळ्याने बघितलेला. पाहुणाही होता. यादीत नाव होतं. आणि तरी मशीन म्हणत होतं, असला पाट या घरात नाही. दोन तास आम्ही तेच तेच बघत होतो. साहेब शेवटी म्हणाले, "सातवी नापासाच्या हातात यादी दिली, ही माझी चूक." ते चिडून बोलले, पण बोलले.

याच वेळी फाटकावर तारा आणि गणपत येऊन पोचले. वॉचमन उत्तरेकडचा, भला माणूस. पुढचं मी ऐकलेलं नाही, ताराने सांगितलेलं आहे.

गणपतने विचारलं, "भैया, इधर आज पाट है क्या?"

"हां, सुबह से चालू है."

"कौन लगा रहा है?"

"टेपमामा. और किसको आता है?"

"कितना लगायेंगे?"

"सत्रह."

(तारा इथे थांबायची.)

"सतरा?" गणपत म्हणाला. "एका दिवसात?"

"पिछली बार चौदह था," वॉचमन म्हणाला. "हर बार बढ़ता है."

वॉचमनने आत फोन केला, "मामा, आपकी घरवाली आयी है." मला वाटलं गावी कोणीतरी गेलं. यादीचा कागद हातात तसाच धरून मी धावत सुटलो. शिमग्याचं ऊन, आणि फाटकात मी उभा: लाल स्वेटर, कपाळभर कुंकू, त्यात तांदूळ. गणपतने सरळ माझी गचांडी धरली.

"दाजी, लाज नाय वाटत?"

"अरे, झालं काय? कोण गेलं?"

"तुमी गेलाव," तारा म्हणाली. "माझ्यापुरते गेलाव. कुठं हाय ती?"

तेवढ्यात साहेब माझ्या मागे बाहेर आले. साहेब पाहुणा म्हणत नसत, सिस्टीम म्हणत, आणि सिस्टीम म्हणजे बाईमाणूस. डोकं सतरावीत अडकलेलं, त्यांना वाटलं, ही सिस्टीमचंच विचारतेय.

"तीच तर सापडत नाहीये," साहेब म्हणाले. "सोळा नीट बसल्या. सतरावीच बसत नाही."

ताराने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्याही कपाळाला कुंकू होतंच.

"तुमी कोण? ह्यांचे भटजी?"

"मी यांचा साहेब."

"साहेब असून तुमी हे चालवून घेता?"

"चालवून काय घेतो? मीच करायला सांगितलं. सतरावी आज बसली नाही तर उद्या आमची अब्रू जाईल."

"तुमची जाईल!" तारा म्हणाली, आणि फाटकाच्या पायरीवर मट्कन बसली. गणपतची मूठ माझ्या गळ्याशी आणखी आवळली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हसायला लागलो. गचांडी धरलेली असताना हसू नये. गणपतने एक ठेवून दिली.

"तारा, पाट म्हंजे तो पाट नाय गो!" मी ओरडलो. "मशीनचा पाट. त्याच्यावर फायली बसवायच्या असतात. ही बघ यादी. ह्या काय बाया हायत?"

साहेबांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

ताराने माझ्या हातातून यादी घेतली. तिला वाचता येत नव्हतं. पण कागद डोळ्यापुढे धरून ती वरून खाली बघत गेली, संशयाने, एकेक ओळ. शेवटच्या ओळीवर थांबली.

"ही कोण?"

"कोण?"

"ही खालची. बाकीच्या सगळ्या बारीक, नि ही एकलीच थोराड. हिचंच नाव एवढं मोठ्यानं लिवलंत? ही काय लाडकी?"

मी बघितलं. साहेब भिंतीपासून वळून आले आणि त्यांनीही बघितलं. वरच्या सोळा ओळी साहेबांनी टाइप केलेल्या, लहान अक्षरांत. पत्रांना वेगळा पाट द्यायचं शुक्रवारी आयत्या वेळी ठरलं, ती सतरावी ओळ मी घातलेली. आणि मला येतात मोठी अक्षरं. मशीनच्या जुन्या संसारात लहान-मोठं चालून जातं, त्याला दोन्ही सारखंच. युनिक्सचं तसं नाही. त्याच्या लेखी मोठा ए वेगळा आणि लहान ए वेगळा. घरात पाट होता लहान अक्षराचा आणि मी पाहुण्याला पत्ता दिलेला मोठ्या अक्षराचा. आम्ही सगळे नाव वाचत होतो आणि ते बरोबरच होतं. अक्षरांच्या रूपाकडे वाचता येणाऱ्याचं लक्ष जात नाही. सवतीकडे बघणाऱ्या बाईचं गेलं.

मी आत पळालो. साहेबांनी लहान अक्षरांत नाव घालून पाहुण्याला बसवलं. बसला. पत्रं सगळी जागच्या जागी. मग यादीतली ओळ दुरुस्त केली, एकदा मशीन बंद करून परत उठवून बघितलं. सतराच्या सतरा. साहेबांनी अहवालात लिहिलं, टंकनातील चूक. कोणाची, ते लिहिलं नाही. कोणी शोधली, तेही लिहिलं नाही. पहिल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. दुसऱ्याबद्दल मीच बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही.

हे होईपर्यंत तीन वाजत आले. मी परत फाटकाशी गेलो तर तारा पिशवी काखेत मारून उभी. गणपतला महाडची गाडी पकडायची होती. मला वाटलं आता हसेल, मी तिला चहा पाजीन आणि गाडीत बसवून देईन. तीच माझी तयारी होती.

ती हसली नाही. मी आत होतो तेवढ्या वेळात तिने वॉचमनशी बोलून घेतलं होतं.

"तुमी साहेब नाय," ती म्हणाली.

"नाय."

"टेपा उचलता. पाणी देता."

"होय. यादी पण बघतो," मी म्हणालो. एवढी तरी अब्रू राहावी म्हणून.

"म्हणून मला आणलंत नाय?"

माझ्या तोंडाशी सात पुरुषांची खोली आली होती. वीस वर्षं वापरून ती गुळगुळीत झाली होती. पण गणपतने मारलेलं तोंड अजून दुखत होतं, आणि तिने पालखी सोडली होती. मी म्हणालो, "होय. म्हणून."

तिने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा गणपतची दुसरी परवडली असती.

"मी काय साहेबाशी लगीन केलेलं?" ती म्हणाली. "सातवी नापासाशी केलेलं. ते मला तेवाच ठावं होतं. तुमीच इसरलाव." मग म्हणाली, "आता इचारा."

"काय इचारू?"

"वीस वर्षं मी इचारते. एकदा तुमी इचारा. नायतर ही मी चालले गाडीला, नि मग पालखीलाच काय, शिमग्याच्या सोंगालाही माझ्या दारात येऊ नका."

फाटकावर वॉचमन, केबिनच्या दाराशी साहेब, रस्त्यात गणपत. एवढ्या लोकांत मी बायकोला विचारलं, "तारा, येतेस काय ऱ्हायला?"

ती गणपतकडे वळली. "तू जा. माझ्या जावेला सांग, पालखीची ओटी तिनं भरलीन असंल तर तांदूळ माझ्या कणगीतनं काढून घे म्हणावं. नि शेरडं सांभाळ म्हणावं." मग वॉचमनला म्हणाली, "भैया, पानी मिलेगा?" मी धावत जाऊन पाणी आणून दिलं. "हां," ती ग्लास घेताना म्हणाली, "हे मात्र तुमाला चांगलं येतं."

साहेबांनी ओळखीने कळव्याला खोली बघून दिली. तोवर ती तिच्या मुंबईतल्या मावशीकडे राहिली. मी निवृत्त होईपर्यंत आम्ही त्या खोलीत होतो. वाडीत वीस वर्षांत आम्ही जेवढं बोललो नसू तेवढं तिथे एका पावसाळ्यात भांडलो. पुढच्या प्रत्येक मूळ-बदलाच्या आधी ती यादी तिच्या हातात द्यायचो. ती वरून खाली बघायची आणि म्हणायची, "कोण थोराड नाय. लावा पाट." डिग्रीवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होऊ दे.

गणपत त्या संध्याकाळी महाडहून पोलादपूरला उतरला तो थेट शेटच्या दुकानात. दुकान भरलेलं, सगळे त्याचीच वाट बघत होते.

शेटने विचारलं, "काय रे, लावलान काय पाट?"

"लावलान."

"कोणाशी?"

"माझ्या बहिणीशी," गणपत म्हणाला, आणि विडी मागितली.

शेटला ते काही नीट उमगलं नाही. मे महिन्यात आम्ही दोघं गावी आलो, एस.टी.तून खाली उतरलो. तारा सुरती साडीत, केस नीट बांधलेले, तोंडावर मुंबईचं पाणी. शेटने गादीवरून मान लांब करून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून डोळा मारला. "काय मग? ही नवी वाटतं?"

"होय, नवीच," मला तोंड उघडू न देता तारा म्हणाली. "जुनी वाट बघून बघून मेली, शेट."

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. ती वाडीच्या चढाला लागलीसुद्धा होती. मी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि तिच्या मागून निघालो.